चांदणीचा पहिला घास

राळेगावला मेडिकल टाकायचं ठरलं तेव्हा ज्या मित्राने मला जागा मिळवून दिली तो म्हणाला होता, "घरमालकीण रिटायर आहे, एकटी राहते, जनावरांची डॉक्टर होती. तिचा तुह्या धंद्याशी काय संबंध?" त्या मित्राला मी पुढची दोन-तीन वर्षं भेटेल तिथे शिव्या घातल्या. आता नाही घालत. आता माझं दुकान यवतमाळला आहे, आणि राळेगावकडचं कोणी आलं की मीच छाती फुगवून सांगतो, की मी त्या बाईंच्या घरात भाड्याने होतो.

बाई उंचीला कमी, आवाजाला जास्त. मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ आणि पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट, भर मे महिन्यातसुद्धा. नोकरी संपून पाच वर्षं झाली होती, पण गमबुटांची नोकरी चालूच होती. सकाळी नऊच्या ठोक्याला त्या जिना उतरायच्या आणि माझ्या दुकानासमोरच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायच्या. तोच त्यांचा दवाखाना. कुत्री, मांजरी, एखादी बकरी, लग्नाच्या वरातीतल्या घोड्या, सगळी मंडळी माझ्या गिऱ्हाइकांच्या रांगेत मिसळून जायची. खोकल्याचं औषध घ्यायला आलेला माणूस डॉबरमनच्या मागे उभा राहून वाट बघतोय, हे दृश्य तिथे रोजचं होतं.

बाई मला माझ्या नावाने कधी हाक मारत नसत. "मेडिकलवाले" हेच माझं नाव.

'थोडंसं' या शब्दाशी त्यांचं हाडवैर होतं. माझ्या बायकोने पहिल्यांदा त्यांना चहाला बोलावलं आणि विचारलं, "साखर थोडी कमी टाकू का?" बाई म्हणाल्या, "थोडी म्हणजे किती? चमचा कोणता हाय तुमचा?" बायकोने चमचा आणून दाखवला, बाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला, "अर्धा" म्हणाल्या, मग चहा झाला. बायको मला आत येऊन म्हणाली, "तुम्ही दुसरी जागा बघा."

पण त्या वेडाला मूळ होतं. जंत, जखम, ताप यांच्या औषधाला बाई फारशी किरकिर करत नसत. हार्मोनचं औषध निघालं की मात्र त्या खुर्चीत सावरून बसत. मग जनावराच्या मालकाची परीक्षा सुरू व्हायची. औषध घरात कोण देणार? कशानं मोजणार? ठेवणार कुठं? घरात लेकरं आहेत का? पोटुशी बाई आहे का? जनावर जेवलंच नाही तर काय करणार? सगळी उत्तरं मालकाने परत म्हणून दाखवायची. आणि एक नियम कायमचा होता. आधीची रिकामी पट्टी किंवा रिकामी बाटली दाखवल्याशिवाय नवी मिळायची नाही. किती दिवस झाले आणि किती गोळ्या गेल्या, ते त्या बोटांवर मोजत. जुळलं नाही तर मालकाला ओट्यावर बसवून ठेवत.

हा नियम मी एकदा मोडला. एक गृहस्थ मोबाइलमध्ये जुन्या चिठ्ठीचा फोटो घेऊन आले. त्यांच्या जर्मन शेफर्डला खाजेसाठी बाईंनी कधीतरी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. बाई वर जेवायला गेल्या होत्या, गृहस्थ घाईत होते, मी पट्टी काढून दिली. ते पायरी उतरतात तोच बाई जिन्यावर. त्यांच्या हातातली पट्टी बाईंनी पाहिली आणि काढून घेतली. मग माझ्या दुकानाचं शटर धरलं आणि खाली ओढलं. मी आतच. बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बाईंचा, येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगणारा. "आज दुकान बंद हाय. दुकानदाराची तब्येत बरी नाही."

अर्ध्या तासाने शटर वर झालं. मी चिडून काही बोलणार तर त्यांनी मला स्टुलावर बसवलं. "मेडिकलवाले, हार्मोन म्हणजे अंगातला घरचा कारभारी हाय. तुम्ही बाहेरून कारभारी आणून बसवला, की घरचा कारभारी काम सोडून झोपते. त्या साहेबाचं कुत्रं चार दिवसात खाजवायचं थांबन, साहेब गोळी बंद करन. एका दिवसात बाहेरचा हाकलला अन् घरचा झोपेलच हाय, तर घर कोण पाहीन? कुत्रं मरून जाते असं. ही गोळी पायरी पायरीनं उतरवा लागते." मला औषधशास्त्राची पदवी आहे. ही गोष्ट मी कॉलेजात वाचली होती, परीक्षेत लिहिलीही होती. पण मला ती खरी कळली त्या शटरमागे.

एक शिक्षिकाबाई होत्या. त्यांना थायरॉइड, त्यांच्या लॅब्रॅडोरलाही थायरॉइड. दोघांच्या गोळीचं नाव एकच. एका रविवारी स्वतःच्या गोळ्या संपल्या म्हणून त्यांनी कुत्र्याच्या डबीतली घेतली, दुसऱ्या दिवशीही घेतली. कुत्र्याचा डोस माणसापेक्षा कितीतरी मोठा असतो हे त्यांना कुठून ठाऊक असणार? छातीत धडधड, हाताला कंप, आणि नवऱ्याची धावपळ. तेव्हापासून बाई जनावराच्या प्रत्येक डबीवर जाड मार्करने "हे माणसाचं नाही" असं लिहायच्या आणि खाली त्या त्या प्राण्याचं तोंड काढायच्या. चित्रकलेचं अंग शून्य. त्यांचा घोडा बकरीवर जायचा आणि मांजर कोणावरच जायचं नाही. लोक हसायचे. पण हसण्यासाठी का होईना, डबी वाचायचे.

एका हेडमास्तरांच्या कुत्र्याला साखरेचा आजार निघाला. बाईंनी त्यांना संत्री आणायला लावली आणि आठ दिवस रोज ओट्यावर बसवून संत्र्याला पाण्याची इंजेक्शनं द्यायला लावली. इन्सुलिनची सुई दोन प्रकारची येते, लाल टोपणाची आणि केशरी टोपणाची, आणि चुकीच्या सुईने मोजलं तर डोस भलताच होतो, हे हेडमास्तरांकडून त्यांनी पाढ्यासारखं म्हणून घेतलं. "कुत्रं जेवलं नाही तर?" "सुई द्यायची नाही. तुम्हाला फोन." "फोन लागला नाही तर?" "पुन्हा फोन." उभ्या तालुक्याला छड्या मारलेला तो माणूस बाईंसमोर हात मागे बांधून उभा राहायचा.

बाई राळेगावजवळच्याच एका खेड्यातल्या. वडील बुद्धविहाराची झाडलोट करायचे आणि दुसऱ्यांच्या शेतात राबायचे. त्या वस्तीतून जनावरांची डॉक्टर झालेली ही पहिली पोरगी. नोकरीच्या सुरुवातीला झरी जामणीकडे होत्या. तिथे एका मोठ्या शेतकऱ्याची गाय अडली, बाई पोचल्या, तर मालक त्यांना आडनाव विचारून दारातच म्हणाला, "दुसरा डॉक्टर नाही का?" बाई म्हणाल्या, "हाय ना, यवतमाळले. वासराले सांगा थांबायले." मालक बाजूला झाला. वासरू जिवंत निघालं. हे मला त्यांनी नाही, त्यांच्या जुन्या शिपायाने सांगितलं.

तर, घोडीची गोष्ट.

गावाच्या पार दुसऱ्या टोकाला घोडीवाले काका राहायचे. तीन पिढ्या वरातीच्या घोड्यांवर जगलेलं घर. त्यांच्या पांढऱ्या घोडीचं नाव चांदणी. चांदणी एरवी देवमाणूस, पण माजावर आली की कोणाची नाही. आदल्या वर्षी एका वरातीत समोरून दुसरी वरात आली, तिच्यात घोडा होता. चांदणीने कान टवकारले आणि आपला नवरदेव पाठीवर घेऊन सरळ त्या वरातीत शिरली. बिचारा नवरदेव दुसऱ्याच मांडवाच्या दारात जाऊन पोचला, तिथल्या बायका ओवाळायला पुढे आल्या. गावाने वर्षभर हसून घेतलं, पण काकांनी धसका घेतला. उद्या नवरदेव खाली पडला तर?

काकांना एक इंजेक्शन हवं होतं, कोणीतरी सांगितलेलं. बाईंनी साफ नाही म्हटलं. आधी दोन महिने चांदणीच्या माजाच्या तारखा कॅलेंडरवर लिहून आणायला लावल्या, तिला नीट तपासलं, आणि मगच लग्नसराईपुरतं माज थांबवणारं एक हार्मोनचं औषध लिहून दिलं. पिवळं, तेलकट, रोज तोंडावाटे द्यायचं. मी ते पुण्याहून मागवलं. बाईंनी काकांना समोर बसवलं.

"हे औषध कातडीतून अंगात जाते. बाईमाणसाच्या अंगात गेलं तर पाळीचा घोळ होते. पोटुशी असन तर तिनं बाटलीलेही हात लावायचा नाही. कोण देईन?"

"मीच देतो ना."

"दुसरं कोणी नाही?"

"कोनी नाई, बाई. माह्या हातून."

"हातमोजे हे निळे घालायचे. पांढरे रबरी नाही, त्यातून तेल झिरपते." काकांनी सगळं परत म्हणून दाखवलं, एक अक्षर चुकलं नाही. तिसऱ्या दिवशी बाटली दाखवायला यायचं ठरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका आले. बाटलीतली पातळी बरोबर खुणेवर. हातमोजे पिशवीत घडी करून ठेवलेले. मी वहीत बरोबरची खूण केली. माझ्याकडून विषय संपला होता. बाई चहा घेत होत्या. सहज विचारलं, "घेते का नीट? की थुंकते?"

काका खूश होऊन म्हणाले, "कायले थुंकन? माह्या सुनेच्या हातचा घास हाय तो."

बाईंचा कप तोंडापाशी थांबला. "सुनेच्या हातचा?"

"मंग! लगीनसराईत घोडीले पहिला घास घरच्या लक्ष्मीच्या हातून जाते. माह्या आज्यापासून हाय आमच्याकडं. भिजवलेली चन्याची डाळ आन गूळ. ते तळहातावर घेऊन उभी राह्यते, मी वरून औषध सोडतो, घोडी चाटूनपुसून खाते."

"अन् मोजे?"

"मोजे मी घालतो ना! बाटली मीच उघडतो, मीच मोजतो, मीच ओततो. तुमी सांगतलं तसं दुसऱ्या कोनाले बाटलीले हात लावू देत नाई."

माणूस शंभर टक्के खरं बोलत होता. तीन सकाळी निळे हातमोजे घालून त्याने ते तेल सुनेच्या उघड्या तळहातावर ओतलं होतं, आणि आपण नियम पाळतोय याचं त्याला समाधान होतं.

बाई उठल्या. "मेडिकलवाले, गाडी काढा."

सूनबाई अंगणात तूर निवडत बसली होती. झरी जामणीकडची पोर, लग्नाला चार वर्षं झालेली, पुरुषांसमोर फारसं न बोलणारी. बाईंनी तिला उठवून न्हाणीत नेलं आणि स्वतःच्या हाताने तिचे हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, एकदा, दोनदा, तीनदा. मग तिला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटलं. मी आणि काकू, म्हणजे तिची सासू, बाहेर ओट्यावर. काकू मला विचारत राहिल्या, "काय झालं, भाऊ? काहून असं करून राह्यल्या त्या?" मला उत्तर ठाऊक होतं आणि सांगायची छाती नव्हती. तेवढ्यात काका सायकल दामटत धापा टाकत आले.

दार उघडलं. बाई म्हणाल्या, "तिले काही सांगायचं असन तर ते सांगन. मी तिच्या वतीनं बोलणार नाही."

सूनबाई चौकट धरून उभी होती. "आत्याबाई, दोन महिने झाले मले," ती म्हणाली. "मांगच्या टायमाले तिसऱ्यातच गेलं ना. म्हनून म्हनलं, तीन भरू द्याव, मंगच सांगाव."

काका आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिले. त्या माणसाचा चेहरा मी विसरू शकत नाही.

त्याच दुपारी बाई तिला यवतमाळला बायकांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. औषधाचं नाव, रोज किती, किती सकाळी, हात केव्हा धुतले, सगळं एका कागदावर लिहून नेलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, औषध लागल्याचे दिवस थोडे आहेत, प्रमाण कमी आहे, बहुतेक काही होणार नाही. पण खात्री मी देऊ शकत नाही. वाट बघावी लागेल.

संध्याकाळी परत आल्यावर काका बाईंच्या पाया पडायला वाकले. "बाई, चूक माही हाय."

बाईंनी त्यांना धरून उभं केलं. "नाही. मी सांगतलं तसंच तुम्ही केलं. मी विचारलं, औषध कोण देते. घास कोण देते, हे विचारलं नाही. इतकी वर्षं गोठ्यागोठ्यानं हिंडली मी, तरी मले सुचलं नाही. चूक माही." मग त्या सूनबाईकडे वळल्या आणि तिच्यासमोर हात जोडले. "मले माफ कर, बाई." त्या पोरीला काय करावं सुचेना, ती रडायलाच लागली.

मी मोठमोठे डॉक्टर पाहिले आहेत. औषधाची कंपनी, कंपाउंडर, पेशंटचं नशीब, काहीही पुढे करतात. स्वतःच्या चुकीला असं भर अंगणात, गल्लीसमोर, नावाने हाक मारणारा माणूस मी तो एकच पाहिला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, त्याच वेळी अभिमानही वाटला.

चांदणीचं औषध बंद झालं. काकांनी मग कॅलेंडरच भिंतीवर ठोकलं. लोक पंचांग बघून मुहूर्त घेऊन यायचे आणि काका चांदणीच्या तारखा बघून होय किंवा नाही सांगायचे. बाईंनीही स्वतःला नवा नियम लावला. हार्मोनचं औषध लिहायचं असेल तर आधी त्या घरी जायचं, जनावराला खायला कोण घालतं, कसं घालतं ते एकदा डोळ्यांनी बघायचं, मगच चिठ्ठी. हेडमास्तरांच्या घरीसुद्धा जाऊन आल्या.

पण त्यांची खुर्ची आता पूर्वीसारखी गरजत नव्हती. दर महिन्याच्या तपासणीला त्या सूनबाईबरोबर यवतमाळला जायच्या आणि सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहायच्या. गावात दोन तोंडं बोलायचीच. एक जण माझ्या काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "बुढीनं घोडीच्या औषधानं पोरीचं वाटोळं केलं म्हणे." त्याच्या हातातली पिशवी मी परत घेतली आणि त्याला म्हटलं, औषध दुसरीकडून घे. बायको आतून म्हणाली, "बरं केलं." ही तीच बायको, जी मला दुसरी जागा बघायला सांगत होती.

तिसरा महिना गेला. पाचवा गेला. बाई कोणाशी त्याविषयी बोलत नसत. एकदाच मला म्हणाल्या, "मेडिकलवाले, वाट पाहायचं औषध नसते काही."

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले आणि दुपारी काकूंचा फोन आला, पोरीला यवतमाळला नेलं म्हणून. मी दुकान बायकोच्या हवाली केलं आणि बाईंना घेऊन निघालो. आम्ही वॉर्डात शिरलो तेव्हा मुलगी होऊन तासभर झाला होता. काका दाराशी उभे होते, रडत होते की हसत होते कळत नव्हतं.

बाई खाटेजवळ गेल्या. सूनबाईला विचारलं, "पाहू का?" तिने मान हलवली. बाईंनी दुपट्याची गाठ सोडली आणि डोक्यापासून सुरुवात केली. टाळू, कान, तोंडात बोट घालून आतली बाजू, छाती, पोट, मांड्या, दोन्ही पावलं. हाताची बोटं एकेक उघडून मोजली. पोरीने हात झटकला आणि वॉर्ड दणाणून सोडला. बाईंनी दुपटं पुन्हा नीट गुंडाळलं, बाळ आईजवळ ठेवलं, आणि खाटेची दांडी धरून तिथेच उभ्या राहिल्या. मग रडायला लागल्या. तोंडावर पदर नाही, काही नाही, सगळ्यांसमोर, लहान पोरीसारख्या.

एक नर्स आली. तिने बाईंना पाहून काकूंना विचारलं, "ह्या कोण? बाळाच्या आजी का?"

काकूंनी मान ताठ केली. "आमच्या घोडीच्या डॉक्टर व्हय त्या," त्या म्हणाल्या, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात.

नर्सने काकूंकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि पुढे काही न विचारता कोपऱ्यातलं स्टूल आणून खाटेशी ठेवलं. सूनबाई म्हणाली, "बसा ना, बाई. घ्या तिले मांडीवर." बाई बसल्या.